सहवासाची खूण : ख्रिस्तासारखे होत जाण्याविषयी एक अभ्यास

शास्त्रपाठ : मत्तय २६:६९-७५, प्रेषितांची कृत्ये ४:१-२२, गलती २:११-१४, २ पेत्र ३:१४-१८
मनन करण्याचे वचन : २ करिंथ ३:१८
पाठाचा हेतू : ख्रिस्तासारखे होणे म्हणजे काय, ते कोण घडवून आणतो, आणि आपल्या रोजच्या जीवनात ते कोठे दिसले पाहिजे, हे समजून घेणे.

प्रस्तावना



मंचेरियल हे गोदावरीच्या काठचे, काजीपेठ-बल्लारशा लोहमार्गावरचे आमचे गाव. पूर्वी हा सारा भाग आदिलाबाद जिल्ह्यात आणि निजामाच्या राज्यात होता. १९५६ साली तो आंध्र प्रदेशात गेला, २०१४ साली तेलंगणात आला, आणि २०१६ साली मंचेरियल हा स्वतंत्र जिल्हा झाला. राज्ये बदलली, सीमा बदलल्या. पण ह्या पट्ट्यात मराठी बोलणारी घरे राहिलीच. घरात मराठी, रस्त्यावर तेलुगू, बाजारात हिंदी असा आमचा रोजचा क्रम. त्याचा परिणाम असा की आमच्या मराठीला तेलुगूचा हेल लागला आहे. पुण्यानाशकाकडचा पाहुणा आला की दोन वाक्यांतच तो ओळखतो, "तुम्ही तिकडचे दिसता."

हा हेल आम्हांला कोणी शाळेत शिकवला नाही. तो लावून घ्यावा म्हणून आम्ही प्रयत्नही केला नाही. ज्यांच्या सहवासात राहिलो, त्यांची बोली आपोआप जिभेवर आली. मनुष्य ज्याच्यासंगे राहतो त्याच्यासारखा होत जातो, हा निसर्गाचा नियम आहे. आत्मिक जीवनातही देवाने हाच नियम वापरला आहे. मार्क ३:१४ मध्ये येशूने बारा जणांना नेमले, त्याचे पहिले कारण असे दिले आहे की त्यांनी त्याच्याजवळ राहावे. उपदेशासाठी त्यांना पाठवणे हे त्यानंतरचे कारण आहे. आधी सहवास, मग सेवा, असा क्रम आहे.

तेव्हा प्रश्न असा : आपण पुष्कळ वर्षे ख्रिस्ताचे नाव घेत आहोत, आपला बाप्तिस्मा झाला, दृढीकरण झाले, आपण प्रभुभोजनात भाग घेतो. पण दोन वाक्यांत कोणी ओळखील, असा ख्रिस्ताच्या सहवासाचा हेल आपल्या जीवनाला लागला आहे काय?

१. हा बदल कोणाचे काम आहे?

२ करिंथ ३:१८ मध्ये पौल म्हणतो की आपण प्रभूचे वैभव पाहत असता त्याच्याच प्रतिरूपात बदलत जातो, आणि हे प्रभूच्या आत्म्याकडून होते. ह्या वचनातल्या तीन गोष्टी ध्यानात घेऊ.

पहिली, 'बदलत जातो' ह्या ठिकाणी मूळ ग्रीक भाषेत 'मेटामॉर्फो' हे क्रियापद आहे. डोंगरावर येशूचे रूपांतर झाले तेथे (मार्क ९:२) हेच क्रियापद आहे, आणि मनाच्या नवीकरणाने आपले रूपांतर होऊ द्यावे असे पौल रोम १२:२ मध्ये सांगतो तेथेही हेच आहे. म्हणजे हा बदल वरवरचा नाही. भिंतीला चुना फासला म्हणजे भिंत नवी होत नाही. येथे आतले वैभव बाहेर येते.

दुसरी, हे क्रियापद अशा रूपात आहे की बदल आपण करत नसून तो आपल्यामध्ये केला जातो, असा अर्थ निघतो. कर्ता पवित्र आत्मा आहे. आपले काम प्रभूकडे तोंड करून राहण्याचे. मोशे देवाशी बोलून डोंगरावरून उतरला तेव्हा आपल्या चेहऱ्यावर तेज आले आहे हे त्याला स्वतःला ठाऊक नव्हते (निर्गम ३४:२९). खरी वाढ पुष्कळदा अशीच असते. ज्याची होते त्याला ती दिसत नाही, शेजाऱ्याला दिसते.

तिसरी, हा बदल चालू असणारा आहे. एका रात्रीत तो पुरा होत नाही. येथे एक भेद स्पष्ट समजून घ्यावा. आपले तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे होते. ते आपल्या चांगुलपणाचे फळ नाही (इफिस २:८-९). मूल जन्मले त्याच दिवशी ते त्या घरचे होते. त्याने बापासारखे चालून दाखवावे, मग त्याला मूल म्हणू, असे कोणी म्हणत नाही. पण मूल पाच वर्षांचे झाले, दहा वर्षांचे झाले, तरी बोलत नाही, चालत नाही, तर आईबाप चिंतेत पडतात. नीतिमान ठरवले जाणे हे जन्मासारखे आहे. पवित्रीकरण हे वाढीसारखे आहे. जन्मावाचून वाढ नाही, आणि वाढ नसलेला जन्म ही दुःखाची गोष्ट आहे.

'मग आम्ही काहीच करायचे नाही काय?' असे कोणी विचारील. फिलिप्पै २:१२-१३ मध्ये ह्याचे उत्तर आहे. आपले तारण साधून घ्या असे पौल सांगतो, आणि लगेच म्हणतो की इच्छा व कृती घडवणारा देवच तुमच्यामध्ये कार्य करत आहे. शेतकरी नांगरतो, पेरतो, निंदतो. पण मार्क ४:२६-२९ मधल्या दाखल्याप्रमाणे बी कसे रुजते हे त्याला कळत नाही. म्हणून तो शेत पडीक ठेवत नाही, आणि अंकूर ओढून रोप उंचही करत नाही.

२. पेत्राच्या जीवनातील तीन खुणा

आता एका शिष्याचे जीवन पाहू. पेत्राच्या ओळखीचे तीन प्रसंग शास्त्रात एकापुढे एक ठेवले म्हणजे वाढ कशी होते हे कळते.

(अ) कयफाचे अंगण. त्या रात्री पेत्र शेकोटीजवळ होता. जवळ उभे असलेले लोक त्याला म्हणाले की तू त्यांच्यापैकीच आहेस. तुझ्या बोलीवरून ते उघड होते (मत्तय २६:७३). गालीलाची बोली यरुशलेमेत लपत नसे. पण पाहा, त्या बोलीने पेत्राचा प्रांत दाखवला. त्याचा प्रभू दाखवला नाही. उच्चार गालीलाचा होता, आणि शब्द नाकारण्याचे होते. तीन वर्षे येशूबरोबर चालूनही भीतीच्या एका क्षणी त्याच्या तोंडून शपथा व शाप बाहेर पडले.

आपणही आपल्या 'बोलीवरून' ख्रिस्ती म्हणून ओळखले जातो. आपली नावे, आपली 'सलाम' म्हणण्याची रीत, आपली गीते, आपला नाताळ ह्यांवरून लोक ओळखतात. ह्यात वाईट काही नाही. पण ही ओळख प्रांताची आहे. ती असूनही मनुष्य प्रभूला नाकारू शकतो.

(ब) न्यायसभा. पेंटेकॉस्टनंतर तोच पेत्र सभेपुढे उभा केला गेला. तेथे बसलेल्यांत कयफाही होता (प्रेषितांची कृत्ये ४:६). ज्याच्या अंगणात दासीसमोर तो डगमगला, त्याच्यासमोर आता तो धैर्याने बोलत होता. सभेच्या लोकांनी पाहिले की हे निरक्षर व सामान्य लोक आहेत, आणि त्यांना आश्चर्य वाटले. मग त्यांनी ओळखले की हे येशूच्या संगतीत होते (४:१३). पेत्राची बोली तीच, गाव तेच, शिक्षण तेवढेच. मग नवीन काय होते? सहवासाची खूण आता उच्चारात नव्हती, धैर्यात होती. तीन वर्षांच्या सहवासात पेरलेले बी पवित्र आत्म्याने उगवले होते.

(क) अंत्युखिया. पुष्कळांचे वाचन दुसऱ्या प्रसंगाशी थांबते. पण शास्त्र प्रामाणिक आहे, ते पुढचेही सांगते. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांच्या पंक्तीला बसून जेवत असे. याकोबाकडून काही लोक आले तेव्हा त्यांच्या भीतीने तो मागे सरला व वेगळा राहू लागला. त्याचे पाहून बर्णबासुद्धा वाहवला. पौलाने सर्वांसमोर त्याला दोष दिला (गलती २:११-१४).

विचार करा. हा पेंटेकॉस्टनंतरचा पेत्र आहे. यापो येथे त्याने दृष्टांत पाहिला होता. कर्नेल्याच्या घरी पवित्र आत्मा उतरलेला त्याने डोळ्यांनी पाहिला होता (प्रेषितांची कृत्ये १०). महायाजकाला न भ्यालेला मनुष्य आपल्याच लोकांच्या कुजबुजीला भ्याला. तो घसरला तो पंक्तीला. कोणाच्या शेजारी बसून भाकर खावी, हा तो प्रश्न होता.

आणि शेवट? २ पेत्र ३:१५ वाचा. त्याच पौलाचा उल्लेख तेथे 'आपला प्रिय बंधू' अशा शब्दांत येतो. सर्वांसमोर ज्याने चूक दाखवली त्याला प्रिय म्हणणे, हे ख्रिस्तासारखे होणे आहे. त्यानंतर तीनच वचने पुढे तो आपल्याला प्रभूच्या कृपेत व ज्ञानात वाढत जाण्यास सांगतो (३:१८). हे सांगण्याचा अधिकार त्याला घसरून, रडून, उठून आणि ऐकून घेऊन मिळाला.

३. चुलीपर्यंत पोहोचलेली कृपा : लक्ष्मीबाई टिळक

अंत्युखियातला प्रश्न आपल्या देशात परका नाही. आपल्या मराठी मंडळीच्या इतिहासातले एक उदाहरण पाहू.

कवी नारायण वामन टिळक ह्यांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला होता, आणि डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली होती. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर मात्र ह्या बातमीने आकाश कोसळले. नाशिकजवळच्या जलालपूरच्या त्या. वडिलांच्या घरी सोवळ्याओवळ्याचे बंधन असे की बाहेरून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात येत नसे. काही वर्षे त्या नातेवाइकांच्या आधाराने पतीपासून वेगळ्या राहिल्या. पुढे पतीकडे परत आल्या, तरी प्रथम आपले सोवळे सांभाळून आणि स्वयंपाक वेगळा ठेवूनच राहिल्या.

येथे टिळकांनी घाई केली नाही. धर्माच्या बाबतीत त्यांनी पत्नीवर जबरदस्ती केली नाही. लक्ष्मीबाई पाहत होत्या, विचार करत होत्या, भांडतही होत्या. हळूहळू त्यांच्या मनात प्रश्न उठला की माणसामाणसांतला हा भेद देवाने केला की माणसांनी? आणि बाप्तिस्मा घेण्याआधीच त्यांच्या मनातली जातीची भिंत पडली. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. दुष्काळातल्या पोरक्या मुलांना ह्या घराने जवळ केले. प्लेगच्या दिवसांत आजाऱ्यांची सेवा केली. जिच्या लहानपणी परक्याचा स्पर्श म्हणजे विटाळ होता, ती बाई परक्यांच्या लेकरांना जेवू घालू लागली. ख्रिस्ताची कृपा चुलीपर्यंत पोहोचली, असे म्हटले पाहिजे.

आणखी एक गोष्ट ह्या घराकडून शिकावी. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' ह्या आत्मचरित्रात टिळकांचा तापट स्वभाव त्यांनी लपवलेला नाही. भक्तिगीते लिहिणारा कवी घरात क्षणात संतापे; आणि तोच मनुष्य दारी आलेल्याला हातचे सर्व देऊन टाकी. लक्ष्मीबाईंनी पतीला देव्हाऱ्यात बसवले नाही आणि त्यांची टवाळीही केली नाही. प्रेमाने, हसत, खरे तेच लिहिले. खरे बोलणे आणि प्रेम करणे ह्या दोन गोष्टी एकत्र नांदणे हेच इफिस ४:१५ प्रमाणे ख्रिस्तामध्ये वाढण्याचे लक्षण आहे. आपण बहुधा त्यांची फारकत करतो. खरे बोलतो तेव्हा प्रेम सोडतो. प्रेम दाखवतो तेव्हा खरे गिळतो.

४. ही वाढ कोठे दिसली पाहिजे?

ख्रिस्तासारखे होणे म्हणजे आवाज मृदू करणे किंवा मोठी प्रार्थना करणे असे पुष्कळांना वाटते. पण गलती ५:२२-२३ मध्ये आत्म्याच्या फळाची जी नऊ अंगे सांगितली आहेत, ती वाचून पाहा. प्रीती, सहनशीलता, ममता, सौम्यता, इंद्रियदमन ही एकट्याने करायची कामे नाहीत. त्यांना समोर दुसरा मनुष्य लागतो. म्हणून चार ठिकाणी आपली परीक्षा होते.

घर. उपासनेत आपण तासभर असतो, घरात आयुष्यभर. मंडळीतला वडील घरी ताटात मीठ कमी पडले म्हणून पत्नीवर ओरडत असेल, तर मुले कोणाचा उपदेश खरा मानतील? व्यासपीठावरचा की ताटावरचा? मुलाची चूक झाल्यावर त्याला क्षमा करणारा बाप त्याला देवाच्या क्षमेविषयी शिकवतो.

कामाची जागा. आमच्या भागात मंदमर्री, रामकृष्णापूर, श्रीरामपूर ह्या बाजूला सिंगरेणीच्या कोळसा खाणी आहेत. भूमिगत खाणीत प्रत्येक जण आपल्या सोबत्याच्या इमानावर जगतो. एकाने आळसाने टेकू नीट लावला नाही तर दुसऱ्याचा जीव जातो. तेथे विश्वासूपणा हा गुण प्रवचनाचा विषय राहत नाही. कार्यालयात, दुकानात, शाळेतही असेच आहे. वजनात, हजेरीच्या वहीत, खर्चाच्या पावतीत आपला ख्रिस्त दिसतो किंवा दिसत नाही.

मंडळी. येथे मनाला लागेल असे एक बोलणे भाग आहे. आपण एका भाकरीचे भागीदार आहोत. पण मुलामुलींच्या लग्नाची बोलणी निघाली की प्रथम काय विचारले जाते? 'ते मूळचे कोण?' बाप्तिस्म्याला तीन पिढ्या, चार पिढ्या झाल्या तरी हा प्रश्न मेलेला नाही. एखादे नवीन कुटुंब, गरीब वस्तीतले किंवा दुसऱ्या भाषेचे, उपासनेला आले तर ते मागच्या बाकावर बसते, आणि उपासना संपल्यावर त्यांच्याशी कोणी बोलत नाही. भीतीने मागे सरलेला पेत्र अंत्युखियातच राहिला असे समजू नका. तो आपल्या मंडपात असतो. पौलाने त्या वागणुकीला रीतिरिवाज म्हटले नाही. सुवार्तेच्या सत्याप्रमाणे ते सरळ चालणे नव्हे, असे म्हटले. म्हणजे ही बाब आवडीनिवडीची नाही, सुवार्तेची आहे. आपली मंडळी ह्या एका ठिकाणी वाढली नाही, तर बाकीची वाढ म्हणजे पानांची गर्दी. अंजिराच्या झाडावर प्रभूने फळच शोधले होते.

शेजार. डोर्णकल हे गाव काजीपेठहून विजयवाड्याकडे जाणाऱ्या मार्गावर आहे. तेथे १९०९ साली तिरुनेलवेलीकडचे एक तमिळ सेवक, व्ही. एस. अझरया, आले. त्यांनी तेलुगू शिकून घेतली, तेथल्या गोरगरिबांत सेवा केली, आणि १९१२ साली ते अँग्लिकन मंडळीचे पहिले भारतीय बिशप झाले. १९१० साली एडिंबरो येथे भरलेल्या जागतिक मिशनरी परिषदेत त्यांनी पाश्चात्त्य मिशनऱ्यांना सांगितले की तुमचा त्याग आम्ही जाणतो, पण आम्हांला तुमची मैत्री हवी आहे. हे बोलणे आज आपल्याला लागू पडते. शेजाऱ्याला आपण नाताळाचा फराळ देतो, पत्रिका देतो. मैत्री देतो काय? त्याच्या आजारपणात रात्री दवाखान्यात बसतो काय? त्याच्या भाषेत त्याची विचारपूस करतो काय? शब्दाने देह धारण केला आणि तो आपल्यामध्ये राहिला. ख्रिस्तासारखे होणे म्हणजे शेजारी जाऊन राहणे.

५. वाढीची साधने

खाणीत उतरणारा कामगार पाळीवर जाताना लॅम्परूममधून टोपीवर लावायचा दिवा घेतो, आणि पाळी संपल्यावर तो परत तेथेच देतो. तेथे तो दुसऱ्या पाळीसाठी पुन्हा भारला जातो. कालच्या भारावर आज कोणी खाली जात नाही. वचन आणि प्रार्थना ही आपली लॅम्परूम आहे. रविवारी भरलेला दिवा शनिवारपर्यंत पुरत नाही. रोज सकाळी शुभवर्तमानाचा लहानसा भाग वाचावा, आणि 'येथे प्रभू कसा वागला?' एवढाच प्रश्न विचारावा. पुष्कळ अध्याय वाचण्यापेक्षा एक कृती नीट पाहणे अधिक हिताचे. १ पेत्र २:२१ मध्ये ख्रिस्ताने आपल्यासाठी कित्ता घालून दिला असे जे म्हटले आहे, तेथे मुलांनी गिरवण्यासाठी काढून दिलेल्या अक्षरांचा ग्रीक शब्द आहे. कित्ता एकदा पाहून वळण येत नाही. रोज गिरवावा लागतो. आणि त्या ठिकाणी कोणता कित्ता दिला आहे? निंदा झाली असता उलट निंदा न करण्याचा.

दुसरे साधन आत्मपरीक्षण. भूमिगत खाणीत काम करण्याआधी डोक्यावरचे छत काठीने ठोकून पाहतात. खणखणीत आवाज आला तर दगड घट्ट आहे. पोकळ आवाज आला तर धोका आहे. काल ठोकले होते म्हणून आज सोडून देत नाहीत. स्तोत्र १३९ च्या शेवटी दाविदाने देवाला अशीच विनंती केली आहे की माझे हृदय पारखून पाहा. प्रभुभोजनापूर्वीही स्वतःची परीक्षा करण्यास पौल सांगतो (१ करिंथ ११:२८). करिंथमधले दुखणे हेच होते की धनवान आधी जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत. म्हणून ह्या परीक्षेत आपल्या मनातल्या भावनांबरोबर आपल्या भावाबहिणीशी असलेले संबंधही ठोकून पाहिले पाहिजेत.

तिसरे साधन विश्वासणाऱ्यांचा सहवास. पेत्राला पौल हवा होता. आपली चूक प्रेमाने दाखवील असा एक तरी बंधू, एक तरी भगिनी आपल्याला असावी. कोळशाचा जळता निखारा शेगडीतून बाजूला काढून ठेवला तर थोड्याच वेळात काळा पडतो; इतरांत ठेवला तर जळत राहतो.

चौथे साधन दुःख. हे आपण निवडत नाही. पण रोम ५:३-४ प्रमाणे संकटातून धीर आणि धीरातून शील निर्माण होते. इब्री ५:८ तर असे सांगते की पुत्र असूनही ख्रिस्त दुःखांतून आज्ञाधारकपणा शिकला. दुःख आपोआप मनुष्याला चांगले करीत नाही. काहींना ते कडू करते. देवाच्या हाती दिलेले दुःखच घडवते.

६. दोन धोके

एक धोका गर्वाचा. 'मी पूर्वी असा होतो, आता पाहा कसा झालो आहे,' असे सांगता सांगता साक्षीचा नायक ख्रिस्त न राहता आपण होतो. पौलाने आपण पूर्ण झालो नाही, धावत आहोत, असे तुरुंगातून लिहिले (फिलिप्पै ३:१२-१४). जुना पौल असे म्हणतो, तर आपण कोण?

दुसरा धोका निराशेचा. 'वीस वर्षे झाली, राग जात नाही. मी खरा ख्रिस्ती नाहीच,' असे म्हणणारे प्रामाणिक लोक मंडळीत असतात. त्यांना सांगावे की रागाचे दुःख होणे हे जिवंतपणाचे लक्षण आहे. मेलेल्याला टोचत नाही. ज्याने चांगले कार्य आरंभिले तो ते सिद्धीस नेईल (फिलिप्पै १:६). आपले सारे भविष्य १ योहान ३:२ मध्ये आहे : तो प्रकट होईल तेव्हा आपण त्याच्यासारखे होऊ, कारण तो जसा आहे तसा त्याला पाहू. आरंभी जे पाहणे, तेच शेवटी पाहणे. आज अंधुक, तेव्हा समोरासमोर.

संडेस्कूलच्या शिक्षकांसाठी

लहान वर्गाला 'येशूसारखे चांगले व्हा' असे नुसते सांगू नये. चांगले न होता आल्यावर मूल एक तर ढोंग शिकते किंवा हिरमुसते. आधी येशू आपल्यावर कशी प्रीती करतो हे सांगावे; मग त्या आठवड्यात करता येईल अशी एकच कृती द्यावी. उदाहरणार्थ, वर्गात ज्याच्याशी कोणी खेळत नाही त्याच्याशी खेळणे. फळ्यावर किंवा वहीत ठिपक्यांनी अक्षर काढून मुलांना गिरवायला द्यावे आणि कित्त्याचा अर्थ समजवावा. मोठ्या वर्गाने पेत्राचे तीन प्रसंग एकामागून एक वाचावेत. शिक्षकाने हेही ध्यानात ठेवावे की पाठ मुले विसरतील, शिक्षकाचा स्वभाव विसरणार नाहीत.

विचारासाठी प्रश्न

१. 'प्रांताची ओळख' आणि 'प्रभूची ओळख' ह्यांत काय फरक आहे? आपल्या मंडळीची ओळख गावात कशावरून होते?
२. महायाजकाला न भिणारा पेत्र अंत्युखियात कोणाला भ्याला? आपण कोणाला भितो?
३. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत टिळकांनी जबरदस्ती केली नाही. घरातल्या माणसाच्या आत्मिक वाढीसाठी आपण केव्हा बोलावे आणि केव्हा थांबावे?
४. आपल्या मंडळीत मागच्या बाकावर कोण बसते? येत्या रविवारी त्यांच्याशी कोण बोलेल?
५. गलती ५:२२-२३ मधल्या फळांपैकी कोणते आपल्यात उणे आहे, हे आपल्या घरच्या माणसाला विचारण्याची आपली तयारी आहे काय?

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू आम्हांला तुझ्याजवळ राहण्यासाठी बोलावलेस. आम्ही तुझे नाव घेतो, पण तुझी रीत आमच्या अंगी थोडी आहे. तुझ्या आत्म्याने आम्हांला बदल. आमच्या घरात, कामावर, शेजारात आणि तुझ्या मेजावर तुझ्या सहवासाची खूण दिसू दे. जो आमची चूक दाखवील त्याला प्रिय म्हणण्याचे बळ दे. ज्यांना आम्ही दूर बसवले त्यांच्या शेजारी आम्हांला बसव. तू आरंभिलेले काम तूच पुरे कर. आमेन.